एकोणीस कोऱ्या ओळी

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली, अकरा सेकंद थांबली, आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वर निघाली. अकरा सेकंद म्हणजे काही फार नव्हेत. शिंक यायला निघते आणि विचार बदलून परत जाते, त्याला साधारण एवढाच वेळ लागतो. आत उभ्या असलेल्या दोघांपैकी एकीने फोनमधली मान वर करून पुन्हा खाली घातली, दुसऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही. तिसरा तो होता, आणि त्याच्या पोटातलं काहीतरी मात्र अर्धा मजला खाली राहून गेलं. नऊ वर्षं तो याच लिफ्टने याच कचेरीत येत होता, आणि नऊ वर्षं दाराकडे तोंड करून, छाती पुढे, हात मागे, असा उभा राहत होता. कुणी फोटो काढायला आलंच तर आयत्या वेळी सावरायला नको. त्यामुळे बटणांची पाटी कायम त्याच्या खांद्यामागे राहिलेली; सहाचं बटणसुद्धा तो न वळता, चाचपून दाबायचा. आज हिसका बसल्यावर तोल सावरायला म्हणून तो वळला आणि पाटीच्या तळाशी त्याला एक छोटं गोल बटण दिसलं. बटणावर फोनचं चित्र होतं, चित्रामागे तांबडा दिवा होता, आणि दिवा चांगला ठणठणीत लागलेला होता.

त्याच्या डोक्यातली यादी आपोआप उघडली. ती अशी कुठेही उघडायची, अंघोळीत, न्हाव्याच्या खुर्चीत, बायको काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना. ओळ एकशे सतरा : ही इमारत, ही लिफ्ट. मजला सांगणारा आवाज, नाही. दार अडकल्याचा संदेश, नाही. आणीबाणीचा फोन, नाही. शेरा, ॲड-ऑन नाहीत. म्हणजे एकतर दिवा खोटं बोलत होता नाहीतर ओळ. दिव्याला खोटं बोलताना त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ओळीलाही पाहिलं नव्हतं. पण ओळ त्याने स्वतः लिहिली होती आणि दिवा कुणा परक्याने बसवला होता, त्यामुळे पाचव्या मजल्यापर्यंत त्याने दिव्याच्या विरुद्ध निकाल दिला. सहाव्यावर दार उघडलं तोवर निकाल फिरला होता.

यादीची हकिगत अशी, की त्याची कंपनी शहरातल्या दोनशे बारा लिफ्टची देखभाल करायची. आता लिफ्ट म्हणजे नुसता पेटारा आणि दोर राहिलेला नाही. प्रत्येक लिफ्टची एक सेवा क्लाउडवर असते, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या गारठलेल्या खोलीतल्या यंत्रांवर, आणि त्या सेवेला वरून एकेक ॲड-ऑन, म्हणजे जादाची सोय, जोडलेला असतो. कुणाला मजला सांगणारी बाई जोडलेली, कुणाला दार अडकलं की मेकॅनिकला कळवणारा निरोप्या जोडलेला. सगळ्यांत मोलाचा ॲड-ऑन म्हणजे आणीबाणीचा फोन. आत अडकलेल्या माणसाने बटण दाबलं की नियंत्रण कक्षात कुणीतरी उचलतं आणि माणसासारखं बोलतं. आज दुपारी चार वाजता क्लाउडवरचं जुनं खातं बंद होणार होतं. जे यादीत आहे ते नव्या खात्यावर जाणार, जे यादीत नाही ते चार वाजून एक मिनिटाने या जगात नसणार. ती यादी त्याची होती. मंगळवारी त्याने तिच्याखाली 'यादी पूर्ण आहे' असं लिहून सही केली होती आणि सहीखाली एक आडवी रेघ ओढली होती. ही रेघ तो ऊठसूट ओढत नसे. लग्नाच्या नोंदणीतसुद्धा ओढली नव्हती, हे बायकोच्या लक्षात होतं.

खुर्चीत बसून त्याने काळी खिडकी उघडली. कचेरीतले बाकीचे लोक हीच कामं रंगीत पानांवर माउसने टिचक्या मारत करायचे. तो काळ्या खिडकीत कमांड टाइप करून करायचा. खिडकीत एक पांढरी उभी रेघ लुकलुकत असे, तिच्यापुढे नेमका प्रश्न लिहायचा आणि एंटर दाबायचं, की क्लाउडच्या पोटातून उत्तर हजर. 'अमुक सेवेचे ॲड-ऑन आण' असं म्हटलं की ते साधन आणायचंच. चहा आणतो, बसा, असं नाही. स्वतःचा माउस त्याने दुसऱ्याच वर्षी उलटा करून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, मेलेल्या झुरळासारखा. शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाला बसायचा, त्याचा माउस मात्र दिवसभर टिकटिक करायचा, आणि त्या टिकटिकीकडे हा अशा नजरेने बघायचा जशी वाद्यं वाजवणारी माणसं टाळ्यांवर नाचणाऱ्यांकडे बघतात. नऊ वर्षांत त्याची एकही चूक निघाली नव्हती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो गर्व झाला असता. न सांगता नुसतं मनाशी रोज एकदा म्हणणं म्हणजे आरोग्य, असं त्याचं मत होतं.

त्याने या लिफ्टचे ॲड-ऑन मागवले. एंटर. खालच्या ओळीत काहीही आलं नाही, आणि पांढरी रेघ पुन्हा निवांत लुकलुकायला लागली. हे त्याला पाठ होतं. नसलं की ते असंच गप्प बसायचं. उगाच 'क्षमस्व' वगैरे गुळमुळीत बोलायचं नाही. त्याला त्याचा हाच स्वभाव आवडायचा. त्याने त्या गप्प बसण्याचं मराठी भाषांतर 'ॲड-ऑन नाहीत' असं करून ठेवलं होतं, आणि दर महिन्याला त्याची छोटी प्रणाली दोनशे बारा वेळा विचारायची, आणि जिथे कोरं येईल तिथे हे दोन शब्द लिहायची. मग दिवा कशाने जळतोय? तो रेघेकडे बघत राहिला आणि रेघ त्याच्याकडे. दोघांच्या मध्ये जो काही आदर होता त्यात आज पहिल्यांदा किंचित ओलावा आला होता, भिंतीत येतो तसा.

आणि त्याला पहिला दिवस आठवला. आठवला म्हणजे तो कुठे गेलाच नव्हता, नुसता उठून पुढच्या खुर्चीत येऊन बसला. तेव्हा इथे मास्तर होते. मास्तर म्हणजे खरोखरीचे मास्तर नव्हेत, कंपनीतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. पण ते चुकलेल्याच्या टाळक्यावर पेन्सिलीने टकटक करायचे, म्हणून मास्तर. त्याला काळी खिडकी त्यांनीच शिकवली. पहिल्यांदा चालू केल्यावर ते साधन एकेक प्रश्न विचारत होतं. नाव काय. सांकेतिक शब्द काय. त्याची बोटं भराभर चालत होती, मागे मास्तर उभे होते, आणि त्याला आपली मान मागूनसुद्धा हुशार दिसत असणार अशी खात्री वाटत होती. मग विचारलं गेलं : नेहमी कोणत्या विभागात शोधायचं? आणि पुढे साधनाने आपल्या मनाने एक उत्तर सुचवून ठेवलेलं. त्याला विभाग ही काय भानगड आहे ते माहीत नव्हतं. विभाग म्हणजे क्लाउडच्या यंत्रांच्या वेगवेगळ्या खोल्या, आणि साधन सांगितलेल्या खोलीपलीकडे बघत नाही, हे त्याला पुढे कळलं, पण त्या एंटरशी ते त्याने कधी जोडलं नाही. मास्तरांना विचारता आलं असतं, मास्तर एका हातावर होते, पण विचारायचं म्हणजे बोटं थांबली असती. त्याने एंटर दाबलं. 'तल्लख आहेस रे,' मास्तर म्हणाले. त्या शब्दांवर तो नऊ वर्षं जगला होता, व्याजासकट.

आता त्याने तोच प्रश्न पुन्हा लिहिला, पण शेवटी जुन्या विभागाचं नाव जोडलं. बोटं इतकी हळू चालली की चष्मेवाल्याने टिकटिक थांबवून वर पाहिलं. एंटर. आणीबाणीचा फोन, चालू. मजला सांगणारा आवाज, आहे, पण मुका ठेवलेला. दार अडकल्याचा संदेश, चालू. तिन्ही ओळी अशा आल्या की जणू नऊ वर्षं दाराबाहेर पायपुसण्यावर उभ्या होत्या आणि बेल वाजवणं त्यांना बरं दिसलं नव्हतं. मग त्याने आपल्या यादीतल्या सगळ्या कोऱ्या लिफ्टबद्दल जुन्या विभागात विचारलं. कोऱ्या एकोणीस होत्या. एकोणीसच्या एकोणीस आल्या. कंपनीच्या सगळ्यांत आधीच्या लिफ्ट, दुसरा विभाग निघायच्या आधी नोंदलेल्या, आणि तो गेली नऊ वर्षं त्यांना भलत्याच खोलीत हाका मारत होता आणि उत्तर आलं नाही की लिहीत होता : नाही.

त्याला स्वतःची शाळा आठवली, आणि आठवली म्हणून तो वैतागला, कारण माणसाला अशा वेळी काहीतरी भव्य आठवायला हवं. दुसरीत त्याच्या वर्गशिक्षिका म्हणजे त्याची आईच होती. हजेरी घेताना ती त्याचंही नाव आडनावासकट घ्यायची, इतर पोरांसारखं, आणि एका सकाळी त्याला त्याचा अपमान वाटला. पहिल्या बाकावर, तिच्या टेबलापासून दोन हातांवर, तो तोंड मिटून बसला. आईने तीनदा नाव घेतलं. मग वर न बघता गैरहजर मांडलं आणि पुढचं नाव घेतलं. दिवसभर त्याला प्रश्न विचारला नाही, वही तपासली नाही, मधल्या सुट्टीत डबा मात्र दिला, कारण डबा घरून आलेला होता. संध्याकाळी जेवताना ती बाबांना म्हणाली, 'आज आपला मुलगा शाळेत आला नाही.' बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. 'हा काय इथे बसलाय.' 'इथे बसलाय,' आई म्हणाली, 'शाळेत नव्हता. मी विचारलं होतं.' तो रडला नव्हता, उलट त्याला एक चमत्कारिक अभिमान वाटला होता, की वर्गात बसून गैरहजर राहणारा आपण शाळेतले पहिले. आता पहिल्यांदा त्याला आईची बाजू दिसली, म्हणजे हजेरीचा तक्ता हातात असणाऱ्याची बाजू, आणि तक्ता हातात असला की मान वर करायची गरज किती कमी वाटते ते दिसलं.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. एकोणीस ओळी यादीत घालायला त्याला चार मिनिटं लागली. आता चार वाजता काहीही बुडणार नव्हतं, आणि कुणालाही काही कळणारही नव्हतं. यादी त्याच्याच ताब्यात होती, बदल कुणी बघत नसे, कारण त्याच्या यादीत बदल करण्यासारखं काही नसतं अशी त्याने वर्षानुवर्षं घट्ट समजूत करून दिलेली होती. चूक पोटात घेऊन तो सुखाने निवृत्त होऊ शकत होता. तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याला अगदी बरं वाटलं. साधारण पाव मिनिट. मग त्याच्या डोक्यात मेकॅनिक लोक आले, हातात त्याच्या यादीची छापील पानं घेऊन. महिन्याच्या तपासणीत ते त्याची यादी बघूनच जायचे. यादीत फोन आहे तिथे बटण दाबून बघायचं. यादीत फोन नाही तिथे कशाला दाबायचं, असेल नुसतं बटण, जुन्या इमारती आहेत, असतात अशा शोभेच्या गोष्टी. म्हणजे एकोणीस फोन नऊ वर्षांत कुणी दाबून बघितले नव्हते. खात्यावर चालू लिहिलेलं आहे म्हणजे फोन खरोखर लागतो असं थोडंच आहे. तो स्वतः एकदा हजेरीच्या नोंदीत रजेवर असताना कचेरीत सापडलेला माणूस होता.

त्याने बायकोला फोन लावला. ती दातांची डॉक्टर होती.

"बोल. पेशंट आहेत, पण तोंड उघडं आहे त्यांचं, ते मध्ये बोलणार नाहीत."

त्याने सगळं सांगितलं. मागे यंत्राची घरघर चालली होती.

"थांब, थांब. तू चुकलास?"

"एंटर चुकलं."

"एंटर कुणी दाबलं?"

"मी."

"आजची तारीख काय आहे? लिहून ठेवते."

"टिंगल नको. ओळी घातल्यात मी. कुणाला कळणार नाही. पण ते फोन बिघडलेले असतील तर मेकॅनिकना पाठवायला हवं, आणि पाठवायचं म्हणजे का ते सांगावं लागेल."

"मग सांग."

"नऊ वर्षांत एकही चूक नाही माझी."

"आता एक आहे. शून्यापेक्षा मोठा आकडा आहे." घरघर थांबली. "पेशंट म्हणतायत, सांगून टाका."

"त्यांना कसं बोलता आलं?"

"मान हलवली त्यांनी. आता ठेव, त्यांची भूल उतरतेय."

मोठ्या बाईंची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. मोठ्या बाई म्हणजे कचेरीच्या प्रमुख. उंचीने सगळ्यांत लहान, म्हणून त्यांची खुर्ची इतकी वर घेतलेली की समोर बसलेल्या माणसाला आपण दाढी करून घ्यायला आलो आहोत असं वाटायचं. तो बसला नाही. कॉरिडॉरची बेचाळीस पावलं चालताना त्याने वाक्य तयार केलं होतं, आणि त्या वाक्यात 'असं लक्षात आलं आहे की' हे शब्द होते. दारातून आत गेल्यावर ते शब्द त्याला एकदम परक्या माणसाचे वाटले. कुणाच्या लक्षात आलं आहे? कुठून आलं आहे?

"माझी यादी चुकली आहे," तो म्हणाला. "एकोणीस लिफ्टना फोन नाही असं मी नऊ वर्षं लिहितोय. आहेत. मी चुकीच्या विभागात शोधत होतो. यादी दुरुस्त केलीय, पण ते फोन कुणी कधी दाबून बघितलेले नाहीत. आत्ता सगळे मेकॅनिक तिकडे पाठवायला हवेत."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना यादी चुकल्याचं नवल वाटलं, की तो आपण होऊन बोलला याचं, ते कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तिथे कुणी अडकलं होतं का कधी?"

"माहीत नाही."

"बटण दाबलं आणि कुणी उचललं नाही, असं?"

"माहीत नाही, बाई. माझ्याकडे फक्त कोरी ओळ आहे."

बाईंनी फोन उचलला. सहा मेकॅनिक, एकोणीस पत्ते, सगळी ठरलेली कामं बाजूला. तो आपल्या जागेवर येऊन बसला आणि शहरभर सहा माणसं सहा दिशांना जाऊन भिंतीतली बटणं दाबू लागली. त्याला प्रत्येक बटण आपल्याच अंगावर कुठेतरी दाबल्यासारखं वाटत होतं, कधी बरगडीत, कधी मानेत. निरोप येत गेले. लागला. लागला. लागला. दुपारी एकपर्यंत चौदा लागले. पंधरावा मुका निघाला; रंगाऱ्यांनी कधीतरी तार कापून त्यावर पिवळा रंग दिला होता. त्या इमारतीत एक पायाने अधू बाई नवव्या मजल्यावर राहायची असं मेकॅनिकने आपणहून सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. तार जोडली. सोळावा लागला, सतरावा लागला. अठरावा मुका, नवं यंत्र बसवायला दीड तास. चष्मेवाल्याने त्याच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि तो म्हणाला, "दादा, आमच्या रंगीत पानावर कोपऱ्यात विभागाचं नाव येतं. बारीक असतं. मीसुद्धा कधी वाचलं नव्हतं." हे शेवटचं वाक्य खरं होतं की दयेपोटी, हे ठरवायची ताकद त्याच्यात नव्हती. तो पाणी प्यायला.

एकोणिसाव्या लिफ्टमधून मेकॅनिकचा फोन आला तेव्हा दीड वाजला होता. "साहेब, लागतो. पण कक्षात नाही लागत. कुठल्यातरी आजोबांकडे लागतो."

"कोण आजोबा?"

"माहीत नाही. मी बटण दाबलं तर म्हणाले घाबरू नका. मी म्हटलं मी मेकॅनिक आहे. म्हणाले तरी घाबरू नका."

त्याने त्या लिफ्टच्या ॲड-ऑनची सगळी माहिती मागवली. आता विभागाचं नाव बोटांतून आपोआप यायला लागलं होतं. फोन जिथे जाणार तो क्रमांक आला, आणि तो त्याला पाठ होता. शिकत असताना घरी अडला की तो याच क्रमांकावर फोन करायचा. मास्तर निवृत्त झाल्यापासून त्याने तो एकदाही फिरवला नव्हता. सुरुवातीला कामामुळे, मग इतके दिवस केला नाही म्हणून. आता फिरवला.

"घाबरू नका," मास्तर म्हणाले. "आत किती जण आहात?"

"मास्तर, मी बोलतोय."

"तू अडकलास?"

"नाही. म्हणजे, लिफ्टमध्ये नाही."

मास्तरांना काही सांगावं लागलं नाही. चाचणीपुरता त्यांनी स्वतःच्या घरचा क्रमांक टाकला होता, तो बदलायचा राहिला, आणि दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले. "पहिला फोन आला तेव्हा मी झोपाळ्यावर होतो. कुणीतरी रडत होतं. मला वाटलं, कंपनीने निवृत्तांना वाटून दिलेलं काम असेल. म्हटलं, बरं झालं, विसरले नाहीत आपल्याला."

"आणि तुम्ही कळवलं नाहीत?"

"काय कळवायचं? काम नीट चाललं होतं. आठ वर्षं झाली. एकेचाळीस जण अडकले, वहीत नोंद आहे. वॉचमनचा नंबर आहे, दुसऱ्या वॉचमनचा आहे, चावी कुणाकडे असते ते माहीत आहे. दोर तर त्यांच्या सोसायटीने माझ्या ओरडण्यामुळे बदलला. बाहेर जायचं झालं तर फोन खिशातल्यावर वळवून जातो. एकदा अंघोळीत होतो, तसाच टॉवेलवर आलो. सातव्या मजल्यावरची पोरगी आहे, परीक्षेला निघाली होती. तिला म्हटलं, मला पहिल्या धड्यापासून सांग काय काय वाचलंस. चौथ्या धड्यावर दार उघडलं. पास झाली."

इकडे त्याने नऊ वर्षं जिथे 'नाही' लिहिलं होतं, तिथे एक ओलं डोकं, एक टॉवेल आणि चार धडे होते. नियंत्रण कक्षातल्या लोकांचा सरासरी उत्तर देण्याचा वेळ भिंतीवरच्या पडद्यावर झळकायचा, बावीस सेकंद, आणि कंपनीला त्याचा कोण अभिमान. मास्तर तिसऱ्या घंटेला उचलत होते. आणि ते त्याच्या यादीत नव्हते. कुणाच्याच नव्हते.

"मास्तर, आता तो क्रमांक बदलावा लागेल. चार वाजता खातं बंद होतंय."

"बदल की. बदलायलाच हवा. मी काय जन्माला पुरणार आहे?" मग, पेन्सिलीने टकटक करावं तशा आवाजात, "चूक कशी झाली त्याची चिठ्ठी काढणार असाल ना सगळ्यांना?"

"हो. मलाच लिहायचीय."

"मग त्यात लिही. नंबर बदलायला मी विसरलो. माझं नाव घाल. आणि पुढे हेही घाल, की एकेचाळीसपैकी एकही मी चुकवला नाही. पहिलं लिहून दुसरं गाळलंस तर बघ."

"विभाग विचारला तेव्हा मी तुम्हाला न विचारता एंटर दाबलं होतं," तो म्हणाला. हे त्याने ठरवलेलं नव्हतं.

"माहीत आहे. मी मागे उभा होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही तो प्रश्न नीट कळला नव्हता रे," मास्तर म्हणाले. "आणि तू इतक्या झोकात दाबलंस."

क्रमांक बदलला. अठराव्या लिफ्टचं यंत्र बसलं. तीनला सगळे एकोणीस फोन नियंत्रण कक्षात खणखणीत वाजले आणि तो चिठ्ठी लिहायला बसला. आयुष्यात त्याने इतकं मन लावून काही लिहिलं नव्हतं. चूक काय झाली, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रश्नाला, कोणत्या बोटाने. गप्प बसण्याचा अर्थ 'नाही' असा कुणी लावला. दोन फोन मुके होते, त्या काळात कुणी बटण दाबलं असेल तर ते आपल्याला कधीच कळणार नाही, हे वाक्य त्याने तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा जसंच्या तसं ठेवलं. मग मास्तरांची दोन वाक्यं, त्यांनी सांगितली त्या क्रमाने. पान पूर्ण झाल्यावर त्याने ते मनाशी वाचलं, आणि सकाळपासून गायब असलेली ती जुनी ऊब छातीत परत आली. फक्त जरा वेगळ्या जागी, थोडी डावीकडे.

बाईंनी चिठ्ठी वाचली आणि दुरुस्त करून परत पाठवली. आता ती दोन ओळींची होती. तांत्रिक कारणामुळे एकोणीस नोंदी उशिरा प्राप्त झाल्या; आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली आहे. त्याने आपलं पान पुन्हा घालून पाठवलं. दोन ओळी परत आल्या. त्याने पुन्हा पान पाठवलं. चौथ्या खेपेला तो स्वतः बेचाळीस पावलं चालत गेला. चारला सतरा मिनिटं होती.

"मी तुम्हाला वाचवतेय," बाई म्हणाल्या. "कळत नाहीये का तुम्हाला? चौसष्ट जणांना जाणार आहे हे. तुमचं नाव काढलंय मी, मास्तरांचंही काढलंय. प्रकरण मिटलं."

"नावं घाला, बाई."

"शिक्षा हवीय का तुम्हाला?"

"नाही."

"मग? मोठेपणा हवाय? लोक म्हणतील, बघा, चुकीतसुद्धा मिरवतोय."

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. मिरवतच होता तो. पण सगळं तेवढंच नव्हतं. पिवळ्या रंगाखालची तार होती, नवव्या मजल्यावरची बाई होती, टॉवेलवर उभे राहिलेले मास्तर होते, आणि ही सगळी माणसं त्या दोन ओळींत कुठे बसतच नव्हती. तिथे नुसतं 'करण्यात आली आहे' होतं. पुन्हा एक कोरी ओळ, फक्त या वेळी अक्षरांनी भरलेली.

"बाई, त्या चुकीला नऊ वर्षं लागली आहेत," तो म्हणाला. "दर महिन्याला दोनशे बारा वेळा विचारून केलेली आहे. एकदाही खाडा नाही. आणि तिकडे मास्तरांनी आठ वर्षं एकही फोन चुकवलेला नाही. तांत्रिक कारणाला यातलं काहीएक जमलं नसतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची एक खटका खाली घेतली, त्याचं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एका ठिकाणी सुटलेला अनुस्वार दिला आणि पाठवून टाकलं. बाहेर चौसष्ट फोन एकामागून एक टुण्ण वाजत गेले, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. थोड्या वेळाने, वाचायला लागतो तेवढ्या, एकेक मान वर झाली आणि वळली. तो दाराच्या सावलीत उभा होता. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून तो दोन पावलं पुढे उजेडात सरकला.